महामारीत कर्करोगाचे निदान का रखडले, आणि सीमाभागातील कुटुंबाने काय करावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या आत्याबाई निपाणी तालुक्यातील; पंचावन्नच्या पुढचे वय, आयुष्यभर विड्या वळलेल्या, मिशरीची जुनी सवय. एप्रिल २०२० मध्ये उजव्या गालाच्या आत जखम दिसली. मे महिन्यात त्या एका सरकारी रुग्णालयात गेल्या, तेव्हा ‘सध्या फक्त कोविडचेच पाहतो, सगळे निवळल्यावर या’ असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. नेहमीप्रमाणे कोल्हापूर गाठावे, तर सीमा बंद. सप्टेंबरात तपासणीसाठी जखमेचा तुकडा काढला गेला, म्हणजे बायोप्सी झाली, अहवाल हाती येईपर्यंत ऑक्टोबर उजाडला आणि रोग तिसऱ्या टप्प्यात असल्याचे कळले. शस्त्रक्रिया व रेडिएशन होऊन त्या आज बऱ्या आहेत. हा उशीर अटळ होता का, दोष कोणाचा धरायचा आणि पुन्हा साथ आली तर घरच्यांनी काय करावे, असे आपण विचारले आहे. मी बेळगाव जिल्ह्यात सरकारी सेवेत विकृतिशास्त्र विभागात, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करणाऱ्या विभागात, अनेक वर्षे काम केले आहे. त्यामुळे माझे उत्तर मुख्यतः निदानाच्या बाजूने आहे.

काही आठवड्यांचा उशीर अटळ होता. पाच-सहा महिन्यांचा नव्हता. सार्वजनिक आरोग्य व्यवस्था कर्करोगाच्या बाबतीत दोन अगदी निराळी कामे करते. कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांची सरसकट तपासणी, म्हणजे स्क्रीनिंग, हे पहिले काम. आणि ज्याला जखम, गाठ किंवा रक्तस्राव आहे अशा माणसाला नेमके काय झाले आहे ते ठरवणे, म्हणजे निदान, हे दुसरे. साथीच्या काळात पहिले काम काही महिने पुढे ढकलणे समर्थनीय होते. दुसरे ढकलण्याजोगे नव्हते. आपल्याकडे दोन्ही कामे एकाच वेळी थांबली, आणि बहुतेक ठिकाणी आपण दुसरेही थांबवले आहे याची नोंदसुद्धा कोणी घेतली नाही.

स्क्रीनिंगबद्दल आधी सांगतो, कारण त्याविषयी अकारण चीड व्यक्त होते. असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या लोकांची तोंडाची, तसेच स्त्रियांची स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी दर ५ वर्षांनी व्हावी असे ठरले. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन प्रश्नावली भरायची, उपकेंद्रातील परिचारिकेने किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी तोंड, स्तन पाहायचे आणि गर्भाशयमुखाला ॲसेटिक ॲसिडचे पातळ द्रावण लावून मिनिटभरात पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे, अशी ही रचना आहे. जी तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची, ती सहा महिने लांबली तर एखाद्या व्यक्तीचे फारसे बिघडत नाही. शिवाय त्या महिन्यांत आमच्या आशाताई मुंबई-पुण्याहून परतलेल्या कुटुंबांच्या याद्या करत होत्या, तापाचे सर्वेक्षण करत होत्या, आणि कित्येक गावांत लोकांच्या शिव्याही खात होत्या. त्यांनी त्याच काळात तोंडाच्या कर्करोगाची प्रश्नावलीही भरायला हवी होती, असे मी तरी म्हणणार नाही.

आणि साथीपूर्वी तरी हा कार्यक्रम धडधाकट होता असे कोठे होते? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या १.९ टक्के आणि तोंडाची तपासणी झालेल्या जेमतेम ०.९ टक्के आढळल्या. आपल्या आत्याबाईंची जखम स्क्रीनिंगमध्ये सापडली नसतीच. ती त्यांनी स्वतः पाहिली, स्वतः रुग्णालयात नेऊन दाखवली. म्हणून आपल्या प्रकरणातला दोष दुसऱ्या कामात शोधायला हवा.

डायलिसिस, कर्करोगाचे उपचार, रक्तसंक्रमण यांसारख्या सेवा साथीतही चालू ठेवाव्यात, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच राज्यांना कळवले होते. कागदावर हे योग्यच होते. परंतु ज्याच्याजवळ बायोप्सीचा अहवाल आहे, तोच व्यवस्थेच्या लेखी कर्करोगाचा रुग्ण असतो. अहवाल नसलेली आपली आत्या ही बाह्यरुग्ण विभागात आलेली, ‘तोंडात फोड’ अशी तक्रार असलेली एक बाई ठरते, आणि बाह्यरुग्ण विभाग तर बंद. ज्याचे नाव यादीत आहे त्याला दार उघडे, आणि यादीत नाव येण्यासाठी ज्या दारातून जायचे तेच बंद, अशी ही अवस्था होती.

हे माझे निरीक्षण केवळ आपल्या भागापुरते नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशातील कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातील ४१ रुग्णालयांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांच्या कामाची २०१९ मधील त्याच महिन्यांशी तुलना केली, ती २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली होती. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी, विकृतिशास्त्रीय तपासण्या ३८ टक्क्यांनी, आणि रेडिएशन घेणाऱ्यांची संख्या मात्र २३ टक्क्यांनीच. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. जे आधीच उपचारांत होते त्यांना डॉक्टरांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी धडपडून टिकवले. ज्यांचे अजून निदानच व्हायचे होते त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक त्या रुग्णालयांपर्यंत पोहोचलेच नाहीत. ही रुग्णालये कर्करोगाचीच. जिल्हा आणि तालुका पातळीवर, जिथे सगळी इमारत कोविडसाठी राखून ठेवली गेली, तिथले चित्र याहून बरे असण्याचे काही कारण नव्हते.

त्यातही तोंडाच्या कर्करोगाला हा काळ सर्वांत वाईट गेला. एरवी हा रोग शोधायला सर्वांत सोपा, कारण तो उघड्या डोळ्यांना दिसतो आणि बोटाला लागतो. यंत्राची गरज नसते. पण त्या काळात तोंड उघडायचे म्हणजे मास्क काढायचा, आणि मास्क काढलेल्या रुग्णासमोर बसायला डॉक्टर कचरत होते. तोंडाचा रोग प्रथम ज्यांच्या नजरेस पडतो त्या दंतवैद्यांना तर केवळ तातडीची कामे करण्याची मुभा होती. न दुखणारी जखम तातडीच्या कामात बसत नाही, आणि कर्करोगाची जखम सुरुवातीला बहुधा दुखत नाही. निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात तंबाखू हे नुसते व्यसन नाही. ते पीक आहे, रोजगार आहे, आणि बायकांच्या बाबतीत सकाळी दात घासण्याचे साधनही आहे. मिशरी किंवा तंबाखूची गोळी जिथे धरली जाते, त्या गाल आणि हिरडी यांच्या बेचक्यात जखम होते, आणि तिथून जबड्याचे हाड जवळ असल्याने रोग हाडापर्यंत लवकर पोहोचतो. विडी वळणाऱ्या बाईच्या तोंडातली तीन आठवड्यांत न भरलेली जखम ही या भागात दुसरे काही सिद्ध होईपर्यंत कर्करोगच समजावी, असे आम्ही प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना सांगत आलो आहोत. आत्याबाईंना परत पाठवणाऱ्याने वय, सवय आणि जखमेचा काळ एवढे तीनच प्रश्न विचारले असते, तरी पुढचे चार महिने वाचले असते.

‘पण त्या वेळी तुकडा काढणे धोक्याचे होते,’ असे आपल्याला कोणी सांगितले असल्यास त्यातले तथ्य तपासून पाहू. गालातल्या जखमेचा तुकडा भूल देण्याचे इंजेक्शन जागेवर देऊन, जखमेच्या कडेवरून, शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या भागासह काढायचा असतो. शस्त्रक्रियागृह लागत नाही, खाट अडत नाही, दात कोरताना उडतात तसे तुषारही उडत नाहीत. रुग्णाला आधी पोव्हिडोन आयोडीनने गुळण्या करायला लावून, उघड्या खिडकीच्या खोलीत, एन-९५ मास्क आणि चेहऱ्यावर पारदर्शक ढाल लावून हे काम त्याही दिवसांत करता येत होते, आणि काही ठिकाणी होतही होते. तुकडा काढल्यावर तो १० टक्के फॉर्मालिनमध्ये, त्याच्या आकारमानाच्या दहापट तरी द्रावणात, टाकला जातो. फॉर्मालिन पेशींना जसे गोठवून ठेवते तसेच विषाणूलाही निष्प्रभ करते. म्हणजे प्रयोगशाळेपर्यंत येणारा तुकडा आमच्या दृष्टीने जवळपास निर्धोक होता. उलट, गाठीत सुई घालून काढलेल्या पेशींची तपासणी, थुंकीची तपासणी किंवा शस्त्रक्रिया चालू असताना करायची गोठवलेल्या तुकड्याची तपासणी यांत नमुना ताजा असतो, म्हणून तिथे जोखीम अधिक होती. मानेतल्या किंवा स्तनातल्या गाठीसाठी अशा वेळी बारीक सुईऐवजी जाड सुईने तुकडा घेऊन तो फॉर्मालिनमध्ये टाकणे, हा साधा आणि सुरक्षित पर्याय उपलब्ध होता. अनेक ठिकाणी मात्र सुईची तपासणी बंद केली, तिच्या जागी काही सुरू केले नाही, आणि रुग्णाला नुसतेच ‘नंतर या’ म्हटले.

तुकडा आला तरी अहवालाला महिना का लागला, हेही आपण विचारले आहे. तुकडा रात्रभर फॉर्मालिनमध्ये मुरतो, मग अल्कोहोल आणि झायलिनच्या टप्प्यांतून जातो, मेणाच्या ठोकळ्यात, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, बसवला जातो, त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढून रंगवले जातात आणि मग डॉक्टर पाहतात. हाड असेल किंवा विशेष रंगप्रक्रिया लागणार असेल तर वेळ वाढतो. एरवी हे काम आठवड्याच्या आत पुरे होते. २०२० मध्ये तंत्रज्ञ स्वॅब गोळा करण्याच्या किंवा आरटी-पीसीआरच्या कामावर गेले होते, डॉक्टरांच्या कोविड वॉर्डात पाळ्या लागल्या होत्या, आणि तालुक्याहून नमुने ज्या एस.टी. बसने यायचे त्या बस बंद होत्या. हे सगळे खरे आहे आणि त्यातला बराच भाग टाळता येण्यासारखा नव्हता. पण माझ्या अनुभवात सर्वाधिक दिवस अहवाल तयार झाल्यानंतर वाया जात. अहवाल कपाटात पडून, आणि रुग्ण गावात. कर्करोग निघाला तर त्या कुटुंबाला फोन करण्याची जबाबदारी नावानिशी कोणाकडेच नसे. कोविडचा अहवाल बाधित आला तर संध्याकाळच्या आत दारात गाडी उभी राहत होती. त्याच इमारतीतून कर्करोगाचा अहवाल मात्र रुग्ण स्वतः चौकशीला येईल तेव्हाच बाहेर पडत होता. यासाठी पैसा लागत नव्हता, यंत्र लागत नव्हते; एक वही, एक फोन आणि एक जबाबदार माणूस पुरेसा होता.

आता सीमेकडे येतो. नकाशावरची रेघ आणि माणसांचा दवाखान्याचा रस्ता आपल्याकडे कधीच जुळलेला नाही. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, कागवाड-अथणीची माणसे मिरज-सांगलीला जातात, खानापूरच्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातली बेळगावला, नाही तर घाट उतरून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला, भालकी-औरादची उदगीर-लातूरला, आणि उलट दिशेने चंदगड तालुका बेळगावला येतो. सरकारी संदर्भसेवेची साखळी मात्र राज्याच्या हद्दीत वळते: तालुक्याहून बेळगाव, तिथून हुबळी किंवा थेट बेंगळुरूचे किदवई कर्करोग रुग्णालय. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर आणि विशेषतः मे महिन्यात महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकाने ३१ मेपर्यंत प्रवेश बंद केल्यावर, निपाणीजवळच्या सीमेवरील कोगनोळी नाक्यापलीकडचे कोल्हापूर बेंगळुरूपेक्षा लांब झाले. जाणे एकवेळ जमले तरी परत येताना संस्थात्मक विलगीकरण, या भीतीने लोक निघतच नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा ७२ तासांच्या आतील आरटी-पीसीआर अहवालाची अट आली. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला नाक्यावरचा पोलीस सोडतो. ‘तोंडातल्या जखमेचा तुकडा काढायचा आहे’ असे सांगणाऱ्या बाईला तो काय म्हणून सोडणार? केरळातील कासरगोडहून कर्नाटकातील मंगळूरला जाणाऱ्या रुग्णांचे रस्ते अडवले गेले तेव्हा १ एप्रिल २०२० रोजी केरळ उच्च न्यायालयाने तातडीच्या उपचारांसाठी ते अडथळे दूर करण्याचे निर्देश केंद्राला दिले. तिथेही भर ‘तातडी’वर होता. कर्करोगाची तातडी आठवड्यांत मोजायची असते, आणि आपत्तीच्या कायद्यांत व आदेशांत तिला जागा नाही.

पैशांच्या बाजूनेही निदानाचा टप्पाच उघडा पडतो. ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण खासगी रुग्णालयात जायचे तर साधारणपणे सरकारी रुग्णालयाची रेफर चिठ्ठी लागते, आणि दाखल होण्याआधीच्या बाहेरच्या तपासण्यांचा खर्च मोजक्या दिवसांपलीकडे त्यात बसत नाही. म्हणजे निदान झाल्यावर सरकार पैसे देते; निदानापर्यंत पोहोचण्याचा खर्च विडी वळून मिळणाऱ्या मजुरीतून करायचा. सरकारी बाह्यरुग्ण विभाग बंद झाला की चिठ्ठीही बंद आणि मोफत तपासणीही बंद, असा दुहेरी फटका त्यामुळे बसला. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषकांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू केली आणि तिच्यावरून दोन राज्यांत पुढे वादही झाला. २०२० मध्ये ती आपल्या उपयोगाची नव्हतीच. भाषेच्या वादात मी येथे शिरत नाही. एवढेच सांगतो की केसपेपर कन्नडमध्ये, अहवाल इंग्रजीत आणि रुग्ण मराठी अशा ठिकाणी, समजावून सांगणारा माणूस गर्दीत सर्वांत आधी गळतो, आणि साथीत तो गळलाच.

त्या पाच महिन्यांनी आत्याबाईंचे नेमके किती नुकसान केले? तोंडाच्या कर्करोगात टप्पा ठरतो तो जखमेचा आकार, तिची खोली आणि मानेतल्या गाठी यांवरून. दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि पाच मिलिमीटरपेक्षा खोल न गेलेली जखम पहिल्या टप्प्यातली. तीच असताना मानेत त्याच बाजूला तीन सेंटिमीटरच्या आतली एक गाठ आली की टप्पा एकदम तिसरा होतो. म्हणून ‘तिसरा’ ऐकून रोग शरीरभर पसरला होता असे समजू नये. शस्त्रक्रियेला होणाऱ्या दर चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असे २०२० च्या अखेरीस ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका मोठ्या विश्लेषणात दिसले. तो हिशेब अनेक रुग्णांच्या समूहाचा आहे आणि निदान झाल्यानंतरच्या उशिराचा आहे. एका रुग्णाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. मात्र मे महिन्यात निदान झाले असते तर कदाचित नुसत्या शस्त्रक्रियेवर भागले असते आणि रेडिएशनमुळे कोरडे पडलेले तोंड, न उघडणारा जबडा हे त्रास वाचले असते, असे म्हणायला वाव आहे. वेळेवर निदान झाल्याने जीव वाचतो हे लोक जाणतात. त्याने उपचारही हलके होतात, हे फारसे कोणी सांगत नाही.

आपल्या प्रश्नाच्या कक्षेबाहेरचा, पण सीमाभागात वारंवार दिसलेला आणखी एक प्रकार नोंदवतो, कारण पुढच्या साथीतही तो होणार. साथीच्या काळात प्रत्येक लक्षणाला साथीचेच नाव मिळते. खोकला, धाप, वजन घटणे हे सगळे ‘कोविडनंतरचे’ म्हणून खपून गेले आणि त्याआड फुप्फुसाचा कर्करोगही दडला, क्षयही दडला. देशात २०१९ मध्ये क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता, तो शोधणारी माणसे आणि यंत्रे कोविडकडे वळली होती. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसची, म्हणजे ‘काळ्या बुरशी’ची, लाट आली. टाळूवर काळा चट्टा, हलणारे दात, गालाची सूज ही त्याची लक्षणे, आणि वरच्या जबड्याच्या पोकळीतल्या कर्करोगाचीही बरीचशी हीच. नुसते पाहून दोन्हींत फरक करणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. तुकड्यात मात्र बुरशीचे रुंद, काटकोनात फुटणारे तंतू दिसतात किंवा कर्करोगाच्या पेशी दिसतात, आणि प्रश्न मिटतो. लस घेतल्यानंतर त्याच बाजूच्या काखेत गाठ सुजणे हेही सामान्य होते व ती काही आठवड्यांत विरत असे. पण त्यामुळे स्तनात गाठ असलेल्या बाईनेही ‘लसीमुळे असेल’ म्हणून वाट पाहिली, तर तो घात. काखेतली एकटी गाठ सहा आठवडे पाहण्यास हरकत नाही. स्तनातली गाठ लगेच दाखवावी.

आता पुन्हा साथ आली आणि पुन्हा दारे बंद झाली तर काय करावे. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत न गेल्यास, गिळताना घास अडकू लागल्यास, स्तनात वा मानेत गाठ लागल्यास, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून गेल्यास किंवा शौचावाटे रक्त जात राहिल्यास साथ संपण्याची वाट पाहू नये. तालुका रुग्णालयातील दंतवैद्य हा तोंडाच्या बाबतीत आपला पहिला माणूस; त्याला विसरून लोक थेट मोठ्या शहराचा विचार करतात. केसपेपरवर ‘कर्करोगाचा संशय, बायोप्सी आवश्यक’ असे शब्द आणि तारीख लिहून घ्यावी. परत पाठवायचे असेल तर परत पाठवल्याचे कारणही त्याच कागदावर लिहून मागावे. तोंडी ‘नंतर या’ म्हणणारा माणूस लेखी ‘नंतर या’ लिहिताना थबकतो, आणि नाक्यावरही असा कागद उपयोगी पडतो. प्रत्यक्ष जाणे अशक्य असल्यास केंद्र सरकारच्या ई-संजीवनी या दूरस्थ वैद्यकीय सल्ला सेवेवरून किंवा ओळखीच्या डॉक्टरांना फोनवरून विचारावे. दिवसाच्या उजेडात, चमच्याने गाल बाजूला धरून मोबाइलवर काढलेला जखमेचा फोटो ‘घाई करा’ एवढे ठरवण्यास पुष्कळदा पुरतो. निदान मात्र फोटोवरून होत नाही, ते तुकड्यावरूनच होते. तुकडा काढल्याने किंवा सुई लावल्याने रोग पसरतो ही चुकीची समजूत आपल्या भागात अजून घट्ट आहे, आणि साथीत घरी बसायला ती चांगले निमित्त ठरली. त्या समजुतीमुळे गेलेले जीव बायोप्सीच्या खात्यावर लिहिले जातात, हे अधिक वाईट.

आणखी एक गोष्ट, जी सीमेवरच्या कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावी: रुग्ण सीमा ओलांडू शकत नसेल तेव्हाही त्याचा ब्लॉक ओलांडू शकतो. तुकडा जवळच्या तालुक्यात काढून घ्यावा. मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड वर्षानुवर्षे टिकतात, त्यांच्यावर क्रमांक असतो, आणि लेखी अर्ज केल्यास दुसऱ्या रुग्णालयाच्या मतासाठी त्या मिळतात. त्या कोल्हापूर, मिरज किंवा मुंबईला कुरिअरने जाऊ शकतात आणि तिथले मत ई-मेलने परत येऊ शकते. फक्त सगळा ब्लॉक एकदम हातातून सोडू नये. शक्य असेल तर अधिकचे काप काढून तेच पाठवावेत आणि मूळ अहवालाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. तुकडा दिल्या दिवशीच प्रयोगशाळेचा क्रमांक आणि फोन लिहून घ्यावा, आणि आठव्या दिवशी घरच्या एकाने विचारणा करावी. हे काम व्यवस्थेचे आहे, हे मला मान्य आहे. पण व्यवस्था ते करू लागेपर्यंत घरच्यांना ते करावे लागेल.

दोष कोणाचा, या प्रश्नाला एका माणसाचे नाव हे उत्तर नाही. दारावरच्या डॉक्टरांना ‘संशयित कर्करोग’ हा वेगळा गट आहे आणि त्यांना परत पाठवायचे नाही, असे कोणी लेखी सांगितलेच नव्हते. प्रत्येक तालुका रुग्णालयात कोविड इमारतीपासून वेगळी अशी एक खोली, आठवड्यातून दोन सकाळी एक दंतवैद्य किंवा शल्यचिकित्सक, फॉर्मालिनच्या बाटल्या, नमुने नेणारे वाहन आणि अहवाल कळवणारा एक माणूस एवढी सोय साथीच्या आराखड्यात आधीच लिहिलेली असती, तर बहुतेक रुग्णांचे निदान वेळेत झाले असते. कोल्हापूर आणि बेळगाव या दोन जिल्हा प्रशासनांमध्ये कर्करोगाच्या संशयित रुग्णांसाठी एकमेकांची रेफर चिठ्ठी मान्य करण्याचा साधा समझोता असावा, ही मागणी ग्रामपंचायतींनी आणि लोकप्रतिनिधींनी साथ नसतानाच लावून धरायला हवी. साथ सुरू झाल्यावर ती ऐकायला कोणाला सवड नसते.

आत्याबाईंच्या बाबतीत आता करायचे ते असे. उपचारांनंतरची पहिली दोन वर्षे उलटली असली तरी पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत ठरलेल्या तारखांना तपासणी चुकवू नये, आणि त्यानंतरही वर्षातून एकदा तोंड व मान दाखवावी. ज्या तोंडात एकदा कर्करोग झाला तिथे दुसऱ्या जागी नवा होण्याचा धोका राहतो. मिशरी पूर्ण बंद झाली आहे का, याची खात्री जावेकडून किंवा सुनेकडून करून घ्यावी, कारण डॉक्टरांना आत्याबाई ‘बंद आहे’ असेच सांगणार. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात परस्पर कोणाकडूनही काढून घेऊ नये. आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे, अन्यथा हाड कुजू शकते. आणि घरात, शेजारी विड्या वळणाऱ्या, मिशरी लावणाऱ्या ज्या बायका आहेत त्यांना येत्या महिन्यात तालुका रुग्णालयाच्या दंतविभागात नेऊन तोंड दाखवून आणावे. बुधवार-गुरुवारकडे गेल्यास सोमवारची गर्दी नसते.